माथ्यावरच्या चार ओळी

तपासायला आलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यात एखादा तरी बेवारशी निघतोच. नाव नाही, तारीख नाही, कोणत्या विषयाचा तेही नाही. पहिलीच ओळ थेट मुद्द्याला हात घालते. लिखाण बरं असतं; कधीकधी तर अख्ख्या गठ्ठ्यात तेच सगळ्यात चांगलं असतं. पण कुणाचं? मग अक्षर ओळखायचा उद्योग सुरू होतो. हजेरीपट काढायचा, कुणाकुणाचे पेपर आले त्यावर खुणा करायच्या आणि उरलेल्या दोन-तीन नावांपैकी 'झ'ची शेपटी अशी लांब कोण ओढतं ते आठवायचं. एकदा अशा पेपरावर मी चुकीच्या मुलाचं नाव घातलं, आणि ज्याचा तो नव्हता त्याने मुकाट्याने दप्तरात टाकला. गुण चांगले होते ना! खरा मालक आठवड्याने विचारायला आला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

याच्या उलट टोकाचा अनुभव माझ्या स्वतःच्या शाळकरी दिवसांतला. निबंधावर तारीख उजवीकडे लिहायच्या ऐवजी डावीकडे लिहिली म्हणून दोन गुण गेले. का, असं विचारलं, तर 'उजवीकडे लिहायची असते' एवढंच ऐकायला मिळालं. ते काही कारण नव्हतं. गुण का गेले तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं होतं. त्या निबंधात मी काय लिहिलं होतं ते आज एक अक्षर आठवत नाही, तारखेची बाजू मात्र पक्की आठवते. म्हणजे शिक्षा कामी आली म्हणायची. फक्त कोणत्या कामी, ते विचारायचं नाही.

या दोन्ही बाजूंचा मार खाल्ल्यावर माझं मत असं झालं आहे: पेपरच्या माथ्यावरचा मजकूर हवाच, नीट हवा, आणि त्याचे गुण असता कामा नयेत. देऊही नयेत, कापूही नयेत. तो नसेल तर पेपर परत करावा, असेल तर पुढे वाचावं. आणि तो तसाच का लिहायचा, हे मुलांना एकदा तरी धडपणे सांगावं. हे शेवटचं काम सगळ्यात सोपं, आणि नेमकं तेच आपण करत नाही.

सांगायचंच झालं तर काय सांगाल? जगभरच्या शाळा-महाविद्यालयांत आणि आता ऑनलाइन अभ्यासक्रमांमुळे घरोघरी पोचलेला एक नमुना घेऊ: अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनचा, म्हणजे एमएलएचा. पहिल्या पानावर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, एकाखाली एक चार ओळी. लिहिणाऱ्याचं नाव, शिकवणाऱ्याचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव, तारीख. त्याखाली मधोमध शीर्षक. ते ठळक करायचं नाही, अधोरेखित करायचं नाही, अवतरणात घालायचं नाही. वेगळं मुखपृष्ठ लागत नाही. चारी बाजूंना एकेक इंचाचा समास, ओळींमध्ये दुप्पट अंतर आणि प्रत्येक पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आडनाव व पानक्रमांक. झालं.

आता या ओळी एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती पडल्या आहेत असं समजा. हे कुणाचं? पहिली ओळ. कुणाला द्यायचं? दुसरी. कशाबद्दल? तिसरी. कधीचं? चौथी. आणि कोपऱ्यातलं आडनाव कशाला? टाचणी निसटली, पानं जमिनीवर सांडली, दुसऱ्या कुणाच्या पानांत मिसळली, तर ती पुन्हा जुळवता यावीत म्हणून. प्रत्येक ओळ वाचणाऱ्याच्या मनात येणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तो प्रश्न त्याने विचारण्याआधीच दिलेलं आहे. मला यात मुलांच्या दृष्टीने मोठी गोष्ट दिसते. तोवर मूल लिहितं ते स्वतःसाठी नाहीतर समोर बसलेल्या बाईंसाठी. आपण समोर नसताना आपला कागद कुणीतरी वाचणार आहे, ही कल्पना त्याला पहिल्यांदा करावी लागते ती इथे, मजकूर सुरू होण्याच्याही आधी.

या ओळी मुळात माथ्यावर नव्हत्याच. आजच्या इराकमधल्या निनेव्हे इथल्या, असिरियाच्या असुरबनिपाल राजाच्या संग्रहातल्या, इसवीसनापूर्वी सातव्या शतकातल्या, अक्षरं कोरलेल्या मातीच्या विटा पाहिल्या तर ही माहिती तळाशी सापडते: मालिकेचं नाव, त्यातली ही कितवी वीट, पुढच्या विटेची पहिली ओळ, कुणाच्या मालकीची. पानं सांडली तर जुळवायची सोय म्हणतो ती हीच. तिचं वय अडीच हजार वर्षांवर आहे. आपल्या हस्तलिखितांतही कोण, कधी आणि कुणाच्या हातून, हे सगळं शेवटी, पुष्पिकेत, म्हणजे ग्रंथ संपवतानाच्या नोंदीत. ज्ञानेश्वरीच्या अखेरीला शके १२१२ हा काळ, गीतेवरची टीका लिहिणारे ज्ञानेश्वर आणि लेखनिक सच्चिदानंदबाबा अशी तिन्ही माहिती एका ओवीत बसवलेली आहे. चार ओळींचा मथळाच तो, फक्त वेशीच्या दुसऱ्या टोकाला.

मग तो वर कधी गेला? युरोपात छपाई सुरू झाली तेव्हा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात छापलेली पुस्तकं न बांधता, सुट्या कागदांच्या गठ्ठ्याने साठवली आणि पाठवली जात. पहिलं पान मळायचं, म्हणून ते कोरं ठेवायला लागले. एकसारखे कोरे गठ्ठे ओळखायचे कसे, म्हणून त्या कोऱ्या पानावर पुस्तकाचं नाव आलं. पुढे लेखक आला, गाव आलं, छापणारा आला, साल आलं, आणि शतक संपेपर्यंत मुखपृष्ठ नावाची वस्तू उभी राहिली. म्हणजे ही माहिती वर गेली ती कुणा व्याकरणकाराच्या हुकुमाने नव्हे. गठ्ठे हाताळणाऱ्या माणसांच्या गरजेने. गठ्ठ्याचा त्रास हे मथळ्याचं जन्मकारण आहे, आणि शिक्षकाच्या टेबलावर आजही तोच त्रास आहे.

शाळेत जे नियम शिकवले जातात त्यांतले बरेचसे तर शाळेसाठी केलेलेच नव्हते. शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याची नियमपुस्तिका पहिल्यांदा १९०६ मध्ये निघाली, ती छापखान्याच्या कामासाठी. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे, एपीएचे नियम १९२९ मध्ये एका नियतकालिकात अवघ्या सात पानांच्या लेखात मावले होते. ते नियतकालिकांत लेख पाठवणाऱ्यांसाठी होते. एमएलएचं पहिलं पत्रक १९५१ चं. तेही अभ्यासकांच्या हस्तलिखितांसाठी. विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिणारी व्यक्ती म्हणजे केट टुराबियन. शिकागो विद्यापीठात प्रबंध तपासून घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं आणि १९३७ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी छोटी पुस्तिका काढली. बाकी सगळं संपादकाच्या आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळारीच्या टेबलावरून घरंगळत वर्गात आलं.

घरंगळत येताना कारणं वाटेत सांडली. ओळींमध्ये दुप्पट अंतर का? संपादकाला मधल्या जागेत पेनाने दुरुस्ती लिहिता यावी म्हणून. समास इंचभर का? शेरे लिहायला आणि कागद धरायला. अधोरेखन कशाचं? टंकयंत्रावर तिरपी अक्षरं काढता येत नसत. शब्दाखाली रेघ ओढली की जुळारीने समजायचं, हे तिरप्या खिळ्यांत जुळव. आता ज्या पडद्यावर तिरपं अक्षर एका कळीवर मिळतं तिथे शीर्षकाखाली रेघ मारणं म्हणजे नसलेल्या जुळारीला दिलेली सूचना. हाताने लिहिलेल्या पेपरात गोष्ट वेगळी. तिथे अक्षर ठळक करण्याचा दुसरा मार्गच नाही, तेव्हा शीर्षकाखाली एक रेघ योग्यच. दोन रेघा, त्यांत नागमोडी आणि चारही कोपऱ्यांत फुलं हा हौसेचा भाग. हौसेला माझी ना नाही, पण तीन रंगांच्या पेनांनी सजवलेल्या शीर्षकाखाली चार ओळींचा निबंध पाहिला की वेळ कुठे गेला ते कळतं.

कारण न सांगता नियम पाळायला लावले की काय होतं, याचा सगळ्यात चांगला दाखला एपीएनेच दिला आहे. कितीतरी वर्षं विद्यार्थी आपल्या पेपरच्या प्रत्येक पानावर माथ्याशी शीर्षकाचं आखूड रूप मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत टाकत, आणि पहिल्या पानावर त्याआधी 'रनिंग हेड' हे दोन शब्दही लिहीत. नियतकालिकाच्या पानांवर या आखूड शीर्षकाला अर्थ आहे. अंक चाळताना आपण कोणत्या लेखात आहोत ते समजतं. शिक्षकाकडे एकच प्रत जाणाऱ्या सहा पानी पेपरावर ते कशाला? तरी ते नव्हतं म्हणून गुण कापले गेले. मग २०१९ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि विद्यार्थ्यांच्या पेपरावरून ते काढून टाकलं. शिक्षकाने मागितलं तरच द्यायचं. आता विद्यार्थ्याच्या पहिल्या पानावर ठळक शीर्षक, नाव, विभाग आणि संस्था, अभ्यासक्रम, शिक्षक, पेपर द्यायची तारीख आणि कोपऱ्यात पानक्रमांक एवढंच येतं. त्यापूर्वी कापले गेलेले गुण अर्थातच कुणी परत केले नाहीत. 'बरोबर' म्हणून जे कालपर्यंत मोजत होतो ते आज अनावश्यक ठरत असेल, तर आपण नेमकं काय मोजत होतो? मुलाला आलेलं ज्ञान तर नक्कीच नाही.

इथे कुणी म्हणेल, वळण नको का? बाहेरच्या जगात अर्ज चुकीच्या नमुन्यात भरला तर कुणी चालवून घेतं का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो खरा आहे. आणि माझ्याच बाजूचा आहे. बाहेरच्या जगात चुकीच्या नमुन्यातला अर्ज परत येतो. खिडकीमागचा माणूस 'तारीख चुकीच्या बाजूला आहे, म्हणून तुमची पात्रता दहा टक्क्यांनी कमी' असं सांगत नाही. म्हणतो, नीट भरून आणा. संशोधनाच्या नियतकालिकांतही मांडणी चुकली की हस्तलिखित परीक्षकांकडे जाण्याआधीच लेखकाकडे परत येतं. उलट काही प्रकाशक तर आता पहिल्या खेपेला कुठल्याही सुसंगत मांडणीत लेख घेतात; आमचा नमुना लेख स्वीकारल्यावर पाळा म्हणतात. आशय आधी, पेहराव नंतर. शाळेलाच तेवढा हिशेब उलटा करायची घाई का?

परत करण्यात आणि गुण कापण्यात फरक काय, तर परत आलेला पेपर मुलाला पुन्हा हातात घ्यावा लागतो. कमतरता काय आहे ते पाहून त्याने स्वतः भरली की काम संपलं, आणि पुढच्या वेळी ते आपोआप होतं. कापलेला गुण हा दंड आहे. दंड भरला की चूक विकत घेतल्यासारखी होते. एक गुण गेला तर गेला, कोण पुन्हा लिहीत बसतंय, असं हुशार मुलं उघड म्हणतात. आणि ज्याला मुळातच काठावरचे गुण आहेत त्याच्यासाठी तोच एक गुण नापास होण्याचा असतो. एकाच चुकीची किंमत एकाला शून्य आणि दुसऱ्याला वर्ष. याला वळण म्हणणं मला जड जातं.

शिवाय गुणांची पाटी आपण समजतो तितकी स्वच्छ नसते. १९१२ साली डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या दोघांनी इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या नकला शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतल्या. शंभरापैकी गुण द्यायचे होते. आकडे पन्नाशीपासून नव्वदीच्या पुढे पसरले. भाषेत असं व्हायचंच, असं लोक म्हणाले, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, तर तिथलं अंतर आणखी वाढलं. कुणी नुसतं उत्तर पाहिलं, कुणी अर्ध्या रीतीलाही गुण दिले, कुणी टापटीप आणि मांडणी हिशेबात धरली. म्हणजे मांडणीचे गुण कुठे जातात, तर प्रमेय किती समजलं ते सांगणाऱ्या आकड्यात मिसळून जातात. आणि एकदा मिसळले की पालकाला, पुढच्या शिक्षकाला किंवा त्या मुलालाही ते वेगळे काढता येत नाहीत.

आणि ते वेगळे दिले नाहीत तरी मिळतातच. एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० मध्ये दाखवून दिलं होतं की माणसाच्या एका गुणाबद्दल मत चांगलं झालं की बाकीच्या गुणांबद्दलही ते चढत जातं. सैन्यातले अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव असं वेगवेगळं मोजायला बसले तरी आकडे एकमेकांना चिकटून येत. पेपर तपासणाऱ्याचंही तेच. रेखीव मथळा दिसला की मन आधीच अनुकूल होतं, पुढच्या चुका 'अनवधानाने झाल्या असतील' अशा वाटतात. विस्कटलेला दिसला की त्याच चुका 'अभ्यासच नाही' अशा वाटतात. मी स्वतःला यातून वगळत नाही. कित्येकदा पहिल्या पानाचा वरचा पाव भाग पाहूनच माझा अंदाज बांधून झालेला असतो. नीटनेटक्या मुलाला हा फायदा न मागता मिळतोच. त्यावर आणखी मांडणीचे गुण देणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मोजणं.

याहून अवघड प्रश्न पहिल्याच ओळीचा आहे. नावाचा. १९७३ मध्ये हरारी आणि मॅकडेव्हिड या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांचे निबंध शिक्षकांना तपासायला दिले आणि वर नावं बदलून घातली. काही डेव्हिड, मायकेल अशी त्या काळी लोकांना आवडणारी, काही एल्मर, ह्यूबर्ट अशी जुनाट वाटणारी. आवडत्या नावाखालच्या निबंधांना, विशेषतः मुलग्यांच्या नावांखालच्या, जास्त गुण पडले. नावातून जे जे कळतं त्याची यादी प्रत्येकाने आपापल्या समाजात मनाशी करून पाहावी. तेव्हा मथळ्याची ओळ पेपर हरवू नये म्हणून आवश्यक आहे आणि पेपर न्यायाने तपासला जावा म्हणून अडचणीची आहे. दोन्ही खरं. मोठ्या परीक्षांनी यावर बैठक क्रमांकाचा तोडगा काढलाच आहे. रोजच्या वर्गकामाने काढलेला नाही.

आडनावाबद्दलही थोडं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आडनाव लिहा, हा नियम आडनाव असतंच आणि ते शेवटीच असतं असं धरून चालतो. हंगेरीत, चीनमध्ये, कोरियात कुळाचं नाव आधी येतं. आइसलँडमध्ये बहुतेकांना आपल्या अर्थाने आडनावच नसतं. वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून बनलेलं नाव असतं आणि माणसं यादीत स्वतःच्या नावाने लागतात. इंडोनेशियात एकच शब्द हेच पूर्ण नाव असलेली कितीतरी माणसं आहेत. अशा मुलाला नियमाचं कारण ठाऊक असेल तर ते अडत नाही: पानं ओळखू येतील असा कुठलाही एक शब्द पुरतो. नुसता नियम ठाऊक असेल तर ते मूल हातात पेन धरून बसून राहतं, किंवा नसलेलं आडनाव तयार करतं.

तारखेचा प्रश्न लहान दिसतो, पण त्यात खाच आहे. ३/४ म्हणजे एप्रिलची तीन की मार्चची चार? लिहिणाऱ्याला शंका नसते, वाचणाऱ्याला असते, आणि दोघं वेगवेगळ्या देशांत असतील तर गोंधळ ठरलेला. एमएलएच्या नमुन्यात महिना अक्षरात लिहून दिवस, महिना, वर्ष असा क्रम ठेवायचा प्रघात आहे, तो याचसाठी सोयीचा. १९८८ मध्ये आलेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने उलट वाट धरली: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, सगळं अंकांत. पेपराच्या माथ्यावर ते रुक्ष दिसतं, पण फायलीच्या नावात त्याच्यासारखं काही नाही, कारण तशा नावांच्या फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. तारीख डावीकडे की उजवीकडे, यावर माझे दोन गुण गेले. ती संदिग्ध आहे का, हे कुणी पाहिलंही नव्हतं.

फायलीचा विषय निघालाच आहे तर हेही म्हणतो की मथळा आता पानावर सुरू होतच नाही. शिक्षकाला पेपर दिसण्याआधी फायलीचं नाव दिसतं. 'असाइनमेंट', 'नवीन दस्तऐवज २', 'फायनल', 'फायनल खरंच फायनल'. चाळीस मुलांच्या चाळीस 'असाइनमेंट' नावाच्या फायली एका फोल्डरमध्ये उतरवून पाहा, म्हणजे पंधराव्या शतकातल्या कोऱ्या गठ्ठ्यांचं दुःख समजेल. संगणकावर मुलं ज्या चुका करतात त्यांतल्या दोन मला खरोखर दुरुस्त करण्याजोग्या वाटतात. पहिली, नाव-शिक्षक-विषय-तारीख या चार ओळी पानाच्या हेडरच्या चौकटीत टाकणं. मग त्या प्रत्येक पानावर उमटतात आणि सहा पानी पेपरात शिक्षकाचं नाव सहा वेळा येतं. हेडरमध्ये जायचं ते फक्त आडनाव आणि पानक्रमांक. चार ओळी पहिल्या पानाच्या मजकुरातच लिहायच्या. दुसरी, शीर्षक मध्यभागी आणायला स्पेसची कळ दाबत राहणं. डोळ्याला मध्यभागी दिसतं, पण अक्षराचा आकार बदलला की शीर्षक भरकटतं.

याच्याच पोटात एक गोष्ट आहे जिच्याबद्दल शाळा जवळजवळ बोलतच नाहीत. शीर्षक नुसतं मोठ्या ठळक अक्षरांत टाइप करणं आणि त्याला शब्दप्रक्रियेतली 'हेडिंग' ही शैली लावणं, पडद्यावर दोन्ही सारखीच दिसू शकतात. पण ज्याला दिसत नाही आणि जो स्क्रीन रीडरकडून ऐकून वाचतो, त्याच्यासाठी पहिलं शीर्षक अस्तित्वातच नाही. तो मजकुराचाच एक तुकडा. दुसऱ्यावर मात्र एका कळीने उडी मारून पोचता येतं. अशाच वाचकांचा विचार करून संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष २००८ मध्ये नव्याने आले, त्यांत पानाला विषय सांगणारं शीर्षक असणं ही अगदी प्राथमिक पायरीची अट आहे. एमएलएप्रमाणे शीर्षक साध्या अक्षरात ठेवायचं असेल तरी शैली लावून तिचं रूप साधं करता येतं. 'बरोबर मथळा' याचा आजचा अर्थ मला विचाराल तर त्यात ही गोष्ट तारखेच्या बाजूच्या कितीतरी आधी येते.

आणि आता शीर्षक. चार ओळी कुणालाही पाठ करून लिहिता येतात. नमुना फळ्यावर लावून ठेवला की संपलं. विचार लागतो तो पाचव्या ओळीला, आणि गंमत म्हणजे शिक्षकांचं लाल पेन तिथेच सगळ्यात कमी फिरतं. 'प्रदूषण'. 'पाणी'. 'माझा निबंध'. 'प्रकल्प क्रमांक २'. ही शीर्षकं नव्हेत. ही कप्प्यांवरची लेबलं. 'पाणी' या नावाखाली काहीही बसतं, म्हणून ते नाव काहीच सांगत नाही. 'विहिरी असूनही टँकर का लागतो' असं लिहिलं की मूल अडकलं; आता त्याला 'का'चं उत्तर द्यावंच लागेल. शीर्षक म्हणजे लेखकाने वाचकाला दिलेला शब्द, आणि पाळता येणार नाही असा शब्द देणं जसं वाईट तसंच शब्दच न देणंही.

म्हणून ते शेवटी लिहावं, असं मी मुलांना सांगतो. आधी कच्चं काही टाकून ठेवा, पेपर पूर्ण करा, मग स्वतःचाच पेपर वाचून विचारा: यात मी खरं म्हणजे काय म्हटलं आहे? पुष्कळदा उत्तर सुरुवातीच्या शीर्षकाशी जुळत नाही. एका मुलीने 'मोबाइलचे दुष्परिणाम' असं ठरवून लिहायला घेतलं आणि तीन पानं लिहिल्यावर लक्षात आलं, की तिची सगळी उदाहरणं घरातल्या मोठ्या माणसांची होती. शीर्षक बदललं तसा पेपरही बदलला. मधला उपदेशाचा परिच्छेद तिने स्वतःच काढून टाकला. हे तारखेच्या बाजूने कधी घडलं नसतं. मांडणीला गुण ठेवायचेच अशी कुणाची सक्ती असेल, तर ते सगळे इथे ठेवा, या एका ओळीवर. आणि त्यांना मांडणीचे म्हणू नका, आशयाचे म्हणा, कारण ते आशयाचेच आहेत.

पण पेपर आधी नमुन्यात आहे का, हे पाहणारं कुणीतरी हवंच. ते शिक्षकच असावं असं नाही. पेपर गोळा करताना शेजाऱ्याने शेजाऱ्याचं पहिलं पान पाहायचं: नाव, कुणाला, विषय, तारीख, शीर्षक, पानक्रमांक. अर्धं मिनिट लागतं. राहिलं असेल ते तिथेच भरून घ्यायचं. नमुना एकच, शाळाभर एकच असावा. दर तासाला शिक्षक बदलला की तारखेची बाजू बदलते हा मुलांवर अन्याय आहे, आणि तो आपल्याला दिसत नाही कारण आपण प्रत्येक जण एकच तास घेतो. कोणता नमुना, हे फारसं महत्त्वाचं नाही. एमएलएच्या चार ओळी चालतील, एपीएचं वेगळं पान चालेल, टुराबियनच्या पद्धतीने पानाच्या वरून एक तृतीयांश अंतरावर शीर्षक आणि खाली नाव-विषय-तारीख हेही चालेल. पाच पानांच्या पेपराला मुखपृष्ठ मला कागदाची नासाडी वाटते, पण हे झालं माझं मत.

नावाच्या अडचणीवर मी गेली काही वर्षं एक साधी गोष्ट करतो. पेपर हातात आले की न वाचता प्रत्येकाचा वरचा भाग, शीर्षकाच्या वरपर्यंत, मागे दुमडायचा. चार ओळी घडीत जातात, शीर्षक समोर राहतं. अक्षर ओळखीचं असतंच, तेव्हा हे काही पूर्ण आंधळं तपासणं नव्हे. पण टाइप केलेल्या पेपरांत बऱ्यापैकी साधतं. गठ्ठा संपला, गुण लिहून झाले, की मग एकेक घडी उलगडायची आणि आकडे यादीत चढवायचे. परवाच्या गठ्ठ्यात एक घडी उलगडली तर आत काहीच नव्हतं. कोरा समास. पेपर चांगला होता, गुणही चांगले पडले होते. मी तो वर्गात नेला, फळ्याजवळच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, ज्याचा असेल त्याने वर नाव, तारीख, विषय लिहून न्यावा. पण घेण्याआधी दुसऱ्या पानावरचा तिसरा परिच्छेद न बघता सांगावा. दोघं उठले होते. एक जण पुन्हा बसला.